वकील आणि फालतू दावे यांकडे वेगवेगळ्या देशांत लोक कसे बघतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे की अमेरिकेत एका बाईने अंगावर कॉफी सांडली म्हणून कंपनीकडून कोट्यवधी रुपये उकळले. असे फालतू दावे आपल्याकडे का होत नाहीत आणि तिकडच्या लोकांना वकिलांबद्दल काय वाटतं, हेही तुम्ही विचारलं आहे. मी १९ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. सुरुवात कॉफीपासूनच करते, कारण ती गोष्ट आपल्यापर्यंत अर्धीच पोचली आहे आणि दरवेळी ऐकली की मला वाईट वाटतं.

त्या बाईंचं नाव स्टेला लीबेक. वय ७९. गाव न्यू मेक्सिको राज्यातलं आल्बुकर्की. २७ फेब्रुवारी १९९२ ला नातू गाडी चालवत होता आणि त्या शेजारी बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्समधून ४९ सेंटची कॉफी घेतली आणि दूध-साखर घालता यावं म्हणून नातवाने गाडी कडेला उभी केली. हो, गाडी उभी होती. बाईंनी कप गुडघ्यांमध्ये धरला, झाकण ओढलं आणि सगळी कॉफी मांडीवर आली. अंगात सुती पँट होती, ती कॉफी पिऊन कातडीला चिकटली. कंपनीच्या नियमाप्रमाणे ती कॉफी ८२ ते ८८ अंशांवर ठेवलेली असे. इतक्या तापमानाला काही सेकंदांत कातडी आतपर्यंत जळते. बाईंच्या अंगाचा ६ टक्के भाग असा खोलवर भाजला. आठ दिवस दवाखान्यात काढले आणि दुसरीकडची कातडी काढून तिथे लावावी लागली.

त्यांनी कंपनीकडे आधी २० हजार डॉलर मागितले. कंपनीने ८०० डॉलर देऊ केले. मग दावा लागला आणि सुनावणीत बाहेर आलं की त्या कॉफीने भाजल्याच्या ७०० हून जास्त तक्रारी दहा वर्षांत कंपनीकडे आल्या होत्या. १९९४ मध्ये ज्युरीने, म्हणजे निवाडा करायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, २ लाख डॉलर भरपाई धरली, बाईंची स्वतःची २० टक्के चूक मानून ती १ लाख ६० हजारांवर आणली आणि वर दंड म्हणून २७ लाख डॉलर लावले. हा आकडा कंपनीच्या जेमतेम दोन दिवसांच्या कॉफीविक्रीएवढा होता. न्यायाधीशांनी दंड ४ लाख ८० हजारांवर उतरवला आणि शेवटी दोन्ही पक्षांनी बाहेर तडजोड केली. जगभर पोचला तो फक्त २७ लाखांचा आकडा. भाजलेली मांडी आणि ते ८०० डॉलर कुणापर्यंत पोचले नाहीत. भरपाईवर कायद्याने मर्यादा यावी म्हणून ज्यांचा आटापिटा चालला होता, त्यांनी हीच गोष्ट वर्षानुवर्षं उदाहरण म्हणून सांगितली.

याचा अर्थ अमेरिकेत फालतू दावे होतच नाहीत, असा नाही. वॉशिंग्टनमध्ये रॉय पिअर्सन नावाच्या माणसाने २००५ मध्ये एका कोरियन दांपत्याच्या लाँड्रीवर दावा लावला. कारण काय, तर पँट हरवली आणि दुकानात ‘समाधानाची हमी’ अशी पाटी होती. मागणी आधी ६ कोटी ७० लाख डॉलरची होती, नंतर ती ५ कोटी ४० लाखांवर आली. हा माणूस स्वतः वकील होता आणि एका प्रशासकीय न्यायाधिकरणात न्यायाधीश होता. आपली बाजू आपणच मांडत असल्यामुळे त्याला वकिलाची फी नव्हती. समोरच्यांना मात्र होती. २००७ मध्ये तो हरला, त्याचं न्यायाधीशपद गेलं आणि २०२० मध्ये त्याची वकिलीची सनद ९० दिवसांसाठी निलंबित झाली. पण त्या नवरा-बायकोने ते दुकान २००७ मध्येच बंद केलं होतं. दावा जिंकूनही.

मला विचाराल तर या दोन दाव्यांतला फरकच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दावा ऐकायला किती हास्यास्पद आहे त्यावर तो फालतू ठरत नाही. लावणाऱ्याला तो किती स्वस्त पडतो आणि समोरच्याला किती महाग, ते बघावं लागतं. आणि हे देशोदेशी वेगळं असतं, ते वकिलाची फी कुठून येते त्यामुळे.

अमेरिकेत साधारणपणे हरलेल्याला जिंकलेल्याच्या वकिलाचा खर्च द्यावा लागत नाही, ज्याचा खर्च त्याने करायचा. अपघात-इजेच्या दाव्यात वकील आधी पैसे घेत नाही, जिंकला तर मिळालेल्या रकमेचा वाटा घेतो, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास. दिवाणी दाव्यांतही ज्युरी बसते. १९७७ पासून वकिलांना जाहिरात करायलाही मोकळीक आहे, त्यामुळे रस्त्याच्या कडेच्या मोठ्या फलकांवर वकिलाचा फोटो आणि फोन नंबर झळकतो. म्हणून तिकडचा सामान्य माणूस वकिलांना अँब्युलन्समागे धावणारे म्हणून नावं ठेवतो आणि स्वतःचा पाय मोडला की त्याच फलकावरचा नंबर फिरवतो. यात मला ढोंग वाटत नाही. ७९ वर्षांच्या बाईला मॅकडोनाल्ड्ससमोर उभं राहायचं असेल तर एवढी एकच वाट असते.

इंग्लंड-जर्मनीत हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्चही सोसायचा असतो. तरी जर्मन माणूस कोर्टाला बिचकत नाही. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुंपणावरून आली तरी तो वकिलाकडे जातो, कारण फीचे दर कायद्याने ठरलेले असतात आणि अनेकांनी कोर्टखर्चाचा विमा उतरवलेला असतो. तिथे वकील म्हणजे आपल्याकडे सीए असावा तसा. इंग्लंडने तर १८९६ मध्येच एक कायदा केला की ऊठसूट दावे लावणाऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येणार नाही. त्याच वळणाचा कायदा महाराष्ट्रात १९७१ पासून आहे, पण आमच्या बाररूममध्ये त्याचं नाव निघालेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

जपानबद्दल थोडं सविस्तर लिहिते. तिकडचे लोक समंजस, ते कोर्टात जातच नाहीत, असं कौतुकाने सांगितलं जातं. १९७७ मध्ये सुझुका शहरात एक आई तीन वर्षांच्या मुलाला शेजाऱ्यांच्या मुलाबरोबर खेळायला ठेवून खरेदीला गेली. जवळच्या तळ्यात तिचा मुलगा बुडाला. आईबापांनी शेजाऱ्यांवर दावा लावला. फेब्रुवारी १९८३ मध्ये जिल्हा न्यायालयाने अंशतः त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सुमारे ५२ लाख ६० हजार येन द्यायला सांगितलं. बातमी छापून आली आणि त्या आईबापांच्या घरी शिव्यांची पत्रं आणि फोन सुरू झाले. मेलेल्या मुलावर पैसे कमावता, शेजाऱ्याला कोर्टात खेचता, असा सूर. त्यांनी जिंकलेला दावा मागे घेतला. शेजाऱ्यांनी अपील केलं होतं, तर मग त्यांनाही तशीच पत्रं आली. शेवटी न्याय मंत्रालयाला जाहीर निवेदन काढावं लागलं की कोर्टात दाद मागणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्या काळी तिथे वर्षाला सुमारे पाचशेच लोक वकिली-न्यायाधीशीची परीक्षा पास होऊ शकत, जागाच तेवढ्या ठेवल्या होत्या. जिथे वकीलच मिळत नाही आणि कोर्टात गेलात तर गाव थुंकतं, तिथे दावे कमी असणारच. त्याला समंजसपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता आपल्याकडे. लग्नात जेवायला बसलं आणि मी वकील आहे हे कळलं की कुणीतरी म्हणतंच, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’. ही म्हण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे. तरी तालुक्यात सगळ्यात जास्त गर्दी त्याच पायरीवर असते. सर्वांत लांबलेला दावा म्हणून गिनीज बुकात नोंद झाली तीही पुण्याच्या दाव्याची. ती नोंद म्हणते की १२०५ साली उभा राहिलेला वाद १९६६ मध्ये निकाली निघाला, आणि वाद होता समारंभात आणि उत्सवात पहिला मान कुणाचा याचा.

कॉफीसारखे दावे इथे होत नाहीत, त्याची कारणं साधी आहेत. भरपाई जितकी जास्त मागाल तितकी कोर्ट फी जास्त भरावी लागते. दिवाणी दाव्यात ज्युरी नाही. जिंकलेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे, जाहिरातही करता येत नाही. जिथे फी नाममात्र आहे तिथे, म्हणजे मोटार अपघाताच्या दाव्यांत आणि ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात), आपले लोकही जातातच. मथुरेत एका वकिलाकडून १९९९ मध्ये रेल्वेच्या खिडकीवर तिकिटाचे २० रुपये जास्त घेतले होते. ते शंभराहून जास्त तारखा लढले आणि २०२२ मध्ये जिंकले. २० रुपयांचा दावा ऐकायला फालतू वाटतो, पण तो फालतू नव्हता.

खरे फालतू दावे आपल्याकडे रग्गड आहेत. ते ऐकून हसू येत नाही म्हणून त्यांना तसं कुणी म्हणत नाही, इतकंच. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला लोकांसह पाणी घेतलं. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा तिथे जायच्या तोंडावर सवर्णांनी तळं खासगी मालकीचं असल्याचा दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर, त्यांनी त्या वेळी हुकूम मोडला नाही आणि दावा लढला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला त्यांच्या बाजूने लागला. तळ्यातलं पाणी पिण्याचा हक्क कागदावर यायला दहा वर्षं. दावा लावणारे हरले, पण मधली वर्षं त्यांना मिळाली. फालतू दावा लावणाऱ्याला बहुधा एवढंच हवं असतं.

माझ्या टेबलावरचं एक सांगते. एक अशील, त्यांना नाना म्हणू. २०१४ मध्ये नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांना १० गुंठे विकायचे होते. गिऱ्हाईक ठरलं, विसार घ्यायचा दिवस ठरला. तेवढ्यात भावकीतल्या एकाने वाटपाचा दावा टाकला. वाटप तर चाळीस वर्षांपूर्वी झालेलं, फेरफार झालेला, बांध कायम. पण दावा दाखल झाल्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत आली आणि गिऱ्हाईक गेलं. दाव्यातली जमीन कोण घेणार? पुढे नऊ वर्षं समोरून मुदतीचे अर्ज येत राहिले. वादी आजारी, वकील बाहेरगावी, कागद मिळायचे आहेत. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये असं दिवाणी संहितेत लिहिलं आहे, पण ते पाळलं जाताना मी फार कमी पाहिलं. आणि हेही लिहायला हवं की तारखेगणिक फी मीही घेत होते. आमच्या फीची रीतच अशी आहे की दावा लांबला तर वकिलाचं काही बिघडत नाही. लोक आमच्यावर विश्वास टाकत नाहीत त्याचं मूळ मला इथे दिसतं.

२०२३ मध्ये दावा खर्चासह फेटाळला. खोट्या दाव्याबद्दल म्हणून मी त्याच दिवाणी संहितेच्या कलम ३५-अ खाली वेगळी भरपाई मागितली होती. तीही मिळाली, पूर्ण, म्हणजे ३,००० रुपये. या कलमात त्याहून जास्त द्यायची मुभाच नाही. ती मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीपासून तशीच आहे.

त्या दिवशी नानांनी कापडी पिशवीतून रबर लावलेला एक गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. एसटीची तिकिटं. प्रत्येकाच्या मागे पेनाने तारीख. आधीची सगळी अर्धी तिकिटं होती. ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास फुकट झाला, तर शेवटची काही शून्य रुपयांची होती, तीही जपून ठेवलेली. म्हणाले, “वकीलबाई, ही खर्चात धरत्यात का?” मी त्यांना खर्चाचा तक्ता दाखवला. मुद्रांक, नोटिशीचा खर्च, नियमाने ठरलेली वकील फी. बाकी रकाना नाही. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला, मग तिकिटांना परत रबर लावलं.

नात तेव्हा तालुक्यातच एका कापडाच्या दुकानात कामाला होती. जमीन अजून नानांच्याच नावावर आहे. सातबाऱ्यावरची ती नोंद काढायला तलाठ्याकडे आणखी तीन खेपा झाल्या, त्यातल्या दोन मी बरोबर गेले.