लोककथेवर उभ्या असलेल्या गुन्हेकादंबरीत शेवटी 'माणूसच निघाला' की वाचक हिरमुसतो. काय चुकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीत आडबाजूचं गाव आहे, दलदल आहे, रात्री दलदलीवर दिसणाऱ्या दिव्यांची दंतकथा आहे. चौघांनी वाचली, चौघांनी वातावरणाची तारीफ केली आणि शेवटाला येऊन "म्हणजे पुतण्याच होता तर" म्हणत बाड परत दिलं. तर वातावरण कुठे कमी पडतंय?

मला वाटतं कमी पडत नाहीये. भरपूर आहे, पण बिनकामाचं आहे. हे मी स्वतः हात पोळून घेतल्यामुळे सांगतोय. माझी अशीच एक कादंबरी कपाटात पडून आहे, त्यातली साठेक पानं नुसत्या धुक्याची. एका मैत्रिणीला वाचायला दिली, तर तिने एकच वाक्य ऐकवलं: "तुझा डोंगर उचलून बाजूला ठेवला तरी खून तसाच होतो." आठवडाभर मी तिच्याशी वाद घातला. मग पुन्हा वाचून पाहिली आणि गप्प बसलो.

तीच कसोटी तुम्ही लावा. दलदल पुसून टाका आणि तोच पुतण्या, तोच काका, तीच जमीन शहरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवा. खून जसाच्या तसा जमला, तर तुमची दलदल म्हणजे नाटकामागचा रंगवलेला पडदा. वाचकाला हे शेवटी कळतं आणि त्याला फसल्यासारखं वाटतं. भूत निघालं नाही याचं त्याला काही नसतं.

खरी दलदल काय काय करू शकते ते बघा. इंग्लंडमधल्या चेशरमध्ये लिंडो मॉस नावाची दलदल आहे. १९८३ साली तिथे पीट, म्हणजे शतकानुशतकं साचलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर, काढणाऱ्या कामगारांना एका बाईची कवटी सापडली. जवळच पूर्वी राहणाऱ्या एका माणसाची बायको वीसेक वर्षं बेपत्ता होती. पोलिसांनी त्याला विचारल्यावर तो कोसळला आणि खुनाची कबुली देऊन मोकळा झाला. मग कवटीची कार्बन तपासणी झाली. ती निघाली सतराशेहून अधिक वर्षांपूर्वीची. त्याच्या बायकोचा मृतदेह मिळालाच नाही, पण कबुलीच्या जोरावर त्याला शिक्षा झाली. आम्लयुक्त पाणी आणि प्राणवायूचा अभाव यामुळे अशा जागी शरीर कुजत नाही, कातडं कमावल्यासारखं होतं, म्हणून हा गोंधळ होऊ शकला. आता ही दलदल काढून दाखवा बरं गोष्टीतून!

दंतकथेचंही तसंच. ती घाबरवण्यापुरती वापरली तर वाया गेली. माझा पहिला प्रश्न असतो: ही गोष्ट गावात कोण सांगतं, आणि सांगून त्याचं काय साधतं? 'रात्री त्या वाटेने जाऊ नये' या वाक्यामागे एखादा पोरांना जपणारा बाप असेल, नाहीतर त्या वाटेने चोरटा माल नेणारा कोणी.

एक उदाहरण करून दाखवतो. इंग्लंडमधल्याच डेव्हनमध्ये जुना समज आहे की माळरानावर पिक्सी, म्हणजे दंतकथांमधली खोडकर बुटकी माणसं, माणसाला चकवा लावतात, ओळखीच्या जागेतही वाट सापडत नाही. उपाय असा की अंगातला कोट काढायचा आणि उलटा करून घालायचा. समजा, तुमच्या पहिल्या प्रकरणात पहाटे एक प्रेत सापडतं, अंगात उलटा कोट. गावाचा निकाल तिथल्या तिथे लागतो: बिचाऱ्याला चकवा लागला, कोट उलटा केला, तरी वाट मिळाली नाही, थंडीने गेला. तपास करणारी बाई मात्र कोटाच्या बाह्या चाचपते. हा माणूस उलट्या कोटाने रात्रभर भटकला असता तर चिखल आणि काटे अस्तराला लागले असते. अस्तर तर स्वच्छ आहे. चिखल आहे तो कोटाच्या सुलट बाजूला, जी आता आत सदऱ्याला चिकटली आहे. म्हणजे तो चालला, पडला, तेव्हा कोट सुलटाच होता. उलटा केला तो नंतर, दुसऱ्या कोणीतरी.

आणखी एक पीळ देता येईल. तुमच्या कल्पित गावात कोट नव्हे, नुसते खिसे उलटे करायची रीत आहे असं आधी कुठेतरी सहज येऊन जाऊ द्या. मग कोट उलटा करणारा माणूस ही रीत ऐकून नव्हे, पुस्तकात वाचून शिकलेला. संशयितांची यादी एकदम आखडते. इथे दंतकथा, माळरान आणि पुरावा एकाच कोटात शिवलेले आहेत, कुठलीही एक गोष्ट उसवली की बाकीच्या सुटतात.

तुमच्या वर्णनावरून एक शंका येते, चुकत असेन तर सोडून द्या. कादंबरीत एक म्हातारा शेकोटीशी बसून अख्खी दंतकथा सांगतो ना? (माझ्यात होता. सहा पानं बोलायचा.) खरं म्हणजे गावातली माणसं अशी कथा कधी पूर्ण सांगत नाहीत, कारण ऐकणाऱ्याला ती ठाऊकच असते. ती तुकड्यांनी येते: "त्या वळणावर मागे बघू नका म्हणजे झालं." किंवा "माझ्या चुलत्याच्या मित्राला दिसलं होतं." तीन जणांकडून तीन तुकडे येऊ द्या, आणि ते एकमेकांशी जुळू देऊ नका. कोणी कोणता भाग गाळला, यातच तुमचा धागा असू शकतो.

आता 'पुतण्याच होता' या दुखण्याकडे. दंतकथेचा मुखवटा घालून फिरणारा धूर्त खुनी हा प्रकार आता इतका सवयीचा आहे की वाचक मध्यावरच ओळखतो. त्याहून अस्वस्थ करणारी शक्यता आयर्लंडमधल्या एका खऱ्या प्रकरणात आहे. १८९५ साली टिपररी परगण्यात मायकेल क्लिअरी नावाच्या माणसाने आजारी बायकोला, ब्रिजिटला, जाळलं. त्याचं म्हणणं, ही माझी बायको नव्हेच, पऱ्यांनी तिला पळवून तिच्या जागी हे काहीतरी ठेवलंय. नातेवाईक, शेजारी घरात होते. नंतर तो जवळच्या, पऱ्यांची मानल्या जाणाऱ्या जुन्या मातीच्या गढीपाशी रात्री जाऊन थांबायचा, खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. हा माणूस खरोखर मानत होता, की मानण्याची त्याला सोय होती? आणि बघत राहिलेल्यांचं काय? इथे 'खुनी कोण' हे पहिल्या पानावर सांगितलं तरी कादंबरी उभी राहते.

उलट टोकही आहे. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी वॉरिकशरमधल्या लोअर क्विंटन गावात चार्ल्स वॉल्टन नावाच्या ७४ वर्षांच्या शेतमजुराचा त्याच्याच अवजारांनी खून झाला. पोलिसांचा संशय अगदी साध्या दिशेने होता, पण पुरावा पुरला नाही. पुढे चेटूक आणि काळ्या जादूच्या गोष्टी त्यावर अशा चढल्या की आज लोकांना तेवढंच आठवतं. खून अजून उलगडलेला नाही.

म्हणून तुमचा पुतण्या बदलू नका. तो दंतकथा किती मानतो एवढं ठरवा. दलदलीवर दिवे दाखवून काकाला बुडवणाऱ्या पुतण्यालाच शेवटी, त्याने न लावलेला एखादा दिवा दिसला तर तो काय करेल? पळेल, की त्याच्या मागे जाईल? ते प्रकरण लिहून बघा, आणि म्हाताऱ्याची पानं किती उरली तेही कळवा.