प्लास्टर निघालं पण हाताची आग थांबत नाही

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी पडले, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. हाड जुळलंय, एक्स-रे पण छान आहे म्हणतात. पण हाताची नुसती आग आग होते, बाहीचा स्पर्श सोसत नाही, हात कधी लाल तर कधी निळसर, मधेच घामाने ओला. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मी हात गळ्यात बांधूनच ठेवते, काय करू?

उत्तर: ताई, दुखणं खरंय, हे घरच्यांना वाचून दाखवा. एक्स-रेत हाड दिसतं, नसांचं काय चाललंय ते त्यात कसं दिसणार? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला सीआरपीएस म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोमची शंका येते, मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर होतो कधीकधी. हा काही नवा आजार नाही, 1864 सालीच डॉ. वेअर मिचेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांबद्दल लिहिलंय, जखमा भरल्या तरी हात जळायचा म्हणून ते त्यावर सतत ओलं फडकं ठेवायचे.

होतं काय, की इजा बरी झाली तरी नसा आणि मज्जारज्जू धोक्याचे सिग्नल पाठवतच राहतात, मग साधा कपडा लागला तरी मेंदूला ते दुखणंच वाटतं. त्यात हात बांधून ठेवला की सांधे आखडतात आणि त्रास वाढतो, म्हणून ती झोळी हळूहळू सोडायची. बर्फ अजिबात नको.

आधी डॉक्टरांकडून इन्फेक्शन, रक्ताची गुठळी, दबलेली नस असं काही नाही ना बघून घ्या. याची एकच अशी टेस्ट नसते, तपासूनच ठरवतात. मग फिजिओथेरपी, हाच मुख्य उपचार. कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल असं रोज थोडं थोडं हातावरून फिरवायचं. आरशाचाही व्यायाम असतो, दुखरा हात आरशामागे ठेवून चांगला हात हलवायचा, आरशात बघताना दुखराच हात आरामात हलतोय असं मेंदूला वाटतं. गॅबापेंटिन किंवा रात्री कमी डोसमधे अमिट्रिप्टिलीन देतील, ही डिप्रेशनची गोळी आहे म्हणून घरचे परत बोलतील पण इथे ती नसांच्या दुखण्यासाठी असते.

थांबू नका, लवकर सुरू केलं तर फरक पडायची शक्यता जास्त. आणि हात निळा-लाल होईल तेव्हा दोन्ही हात शेजारी ठेवून फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत रंग पालटलेला असतो.