वडिलांचं स्वरयंत्र काढलंय, फोनवर त्यांचं बोलणं कोणालाच कळत नाही. कोणतं ॲप घेऊ?

ॲपचं शेवटी बघू. तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रोलॅरिंक्स (मानेला टेकवून आवाज काढायचं मशीन) लावून बाबा घरात नीट बोलतात, फोनवर मात्र समोरचा 'रेंज नाहीये' म्हणून ठेवून देतो, 'त्यामुळे सध्या त्यांचे सगळे फोन मीच करतो'. या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. अशा पेशंटना बोलायला शिकवणं हे माझं काम. आम्ही तीन-चार महिने घासून बसवलेलं बोलणं 'आणा इकडे, मी बोलतो' म्हणणारी घरची माणसं आठवड्यात बंद पाडतात.

बिघडतं कुठे ते एका फोनवरून सांगतो. निवृत्त एसटी कंडक्टर, रिपोर्ट तयार आहे का विचारायला लॅबला फोन. मोबाइल कानाला, मशीन मानेला, बटण दाबलं ते दाबूनच ठेवलं आणि म्हणाले 'हॅलो'. पलीकडच्या मुलीने चार सेकंदांत फोन ठेवला.

तिचा काही दोष नाही. फुप्फुसातली हवा आता मानेवरच्या भोकातून जाते, तोंडातून नाही. म्हणून 'ह' निघतच नाही. उरतं ते 'ॲलो'. त्यात मशीनची घूं अखंड चालू. मोबाइलमधली आवाज गाळण्याची सोय एकसुरी आवाजाला पंख्याची घरघर समजते आणि दाबून टाकते. म्हणजे बाबांचा आवाज फोनच खातो, आणि आपण म्हणतो रेंज नाही.

दुसऱ्या फोनला काही गोष्टी बदलल्या. मोबाइल टेबलावर, स्पीकरवर, तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर. माईकचं टोक ओठांकडे, मानेकडे नाही. मशीन डाव्या हातात, म्हणजे उजव्याला पेन धरता येतं. मशीनचा व्हॉल्यूम कमी केला. लोक उलट वाढवतात, पण वाढते ती कडेने गळणारी घूं, शब्द नाहीत. मशीनचं तोंड कातडीला सपाट टेकलं पाहिजे, एक कड उचलली तरी भुंगा सुटतो. आणि बटण शब्दांपुरतंच: तीन-चार शब्द, सोडा, पुन्हा दाबा. मध्ये शांतता पडली की फोनलाही हा पंखा नाही हे कळतं.

'हॅलो'ऐवजी सुरुवात 'नमस्कार'ने. न आणि म मशीनवर स्वच्छ येतात. लगेच पुढे: 'मी मशीनवर बोलतोय. फोन ठेवू नका.' मुलगी थांबली. मग बिल नंबर सांगितला, ४७. ती म्हणाली, 'अठ्ठेचाळीस? तो रिपोर्ट दुसऱ्यांचा आहे.'

हे होणारच होतं. एचडी व्हॉइस (जास्त रुंद पट्टीतला आवाज नेणारी सोय) नसेल तर साधा कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्टीतलाच आवाज नेतो, आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. सातमधला स गळला की 'आत' उरतो, तो आठ वाटतो. शिवाय मशीन चालू आहे तोवर घोष (ब, द, ग म्हणताना कंठातून येणारी घूं) थांबत नाही, म्हणून प-ब, त-द, क-ग एकमेकांत मिसळतात; पाटील 'बाडील' होतात. जोडअंक कधीच सांगू नयेत. एकेक आकडा, आणि सातला 'सहाच्या पुढचा'. कंडक्टरांनी तेच केलं, बोटांवर मोजत. सव्वादोन मिनिटांत काम झालं. फोन ठेवल्यावर त्यांनी मशीनचं बटण उगाच एकदा दाबून सोडलं, डबल बेल मारल्यासारखं.

एवढं करूनही अडलं तर व्हॉट्सॲप कॉल करून बघा. त्यात आणि दोन्हीकडे एचडी व्हॉइस असेल तर साध्या कॉलमध्येही वरच्या पट्टीतला आवाज जास्त जातो. घरी जुना लँडलाइन असेल तर फेकू नका, त्यात आवाज गाळण्याची भानगड सहसा नसते. आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माईक मोड 'स्टँडर्ड' ठेवा, 'व्हॉइस आयसोलेशन' नको. कंपन्यांच्या नंबरवर 'बोला किंवा दाबा' आलं की दाबायचंच.

आता ॲप. मजकूर टाइप करून मराठीत वाचून दाखवणारी फुकट मिळतात. पण लोक ते त्याच फोनवर चालवतात आणि मग शिव्या घालतात. साध्या कॉलमध्ये दुसऱ्या ॲपचा आवाज सहसा पलीकडे जात नाही. स्पीकरमधून वाजवला तर फोन त्याला प्रतिध्वनी समजून कापतो. दुसरा मोबाइल घ्या, ॲप त्यावर, आणि त्याचा स्पीकर पहिल्याच्या माईकजवळ. नेहमीची आठ-दहा वाक्यं आधीच भरून ठेवा. टाइप होईपर्यंत पलीकडचा थांबत नाही.

'मग मेसेजच करा की, फोन कशाला?' हा सल्ला मला डॉक्टरांकडूनही ऐकावा लागतो. गॅसवाला, रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन मेसेजला उत्तर देतात का?

मदत करायचीच असेल तर अमेरिकेतल्यासारखी करा. तिथे २००१ पासून ७११ लावला की शिकवलेला मदतनीस लाइनवर येतो आणि न कळलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणतो. 'मला रिपोर्ट हवाय' असंच, 'त्यांना हवाय' असं नाही. स्वतःचं काही घालत नाही, भाव करत नाही, फोन आवरता घेत नाही. तुम्ही कॉन्फरन्सवर राहा आणि एवढंच करा. बाबांनी बोट वर केलं तरच.

हे सगळं मशीनवाल्यांसाठी. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बोलण्यासाठी व्हॉल्व्ह बसवलेल्यांना भोक सहसा बोटाने झाकावं लागतं, त्यांचा 'ह' थोडाफार येतो. त्यांनी माईक भोकापासून लांब ठेवावा, नाहीतर फुसफुसच जाते. पक्षाघातानंतर शब्दच सुचत नसतील तर यातलं फारसं उपयोगी नाही, कारण बहुतेकदा लिहिणंही अडतं. तिथे व्हिडिओ कॉल आणि हो-नाहीचे प्रश्न. मान रेडिएशनने कडक झाली असेल तर मशीन गालावर लावून बघा, नाहीतर तोंडात धरायची नळी मिळते. चांगलं चाललेलं बोलणं अचानक बिघडलं तर आधी बॅटरी बघा, मग सर्जनला दाखवा.

पहिला सराव फोन तुम्ही दुसऱ्या खोलीतून घ्या आणि मुद्दाम दोनदा 'काय?' विचारा. दुसरा बाबांनी वाण्याला करायचा, साबुदाणा अर्धा किलो. तेव्हा तुम्ही घराबाहेर.