बांधू नका, आई रात्री कुठं निघतात ते आधी बघा

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचलं: तुमच्या आई ७८ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश, शुक्रवार पेठेतलं जुनं घर, महिन्यात दोनदा रात्री पडल्या. आता घरचे म्हणतायत कॉटला कठडा लावू, नाहीतर कमरेला ओढणी बांधू. दोन्ही नको.

कठडा कशासाठी आहे हेच ज्याला उमगत नाही, तो त्यावरून पाय टाकतो आणि आणखी उंचावरून पडतो, नाहीतर फटीत अडकतो. बांधलेलं माणूस हिसडे देतं, चिडतं, आणि निजून निजून पायातली होती ती ताकदही जाते. कॉटच बुटकी करा. बसल्यावर तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत.

आमचे सासरे, आबा, कोल्हापूरच्या गंगावेशीतले. सहा वर्षं मी त्यांचं केलं. पडायचे ते बहुतेक पहाटे चारच्या सुमाराला. घरात एकच पालुपद, ‘सांगून ऐकत नाहीत.’ अहो, ऐकलेलं पाच मिनिटं डोक्यात राहत नव्हतं, ऐकणार काय! मग मी कालनिर्णयच्या चौकोनांत लिहायला लागले: किती वाजता, कुठं, पायात काय होतं, तोंड कुणीकडं. पडता पडता वाचले तेही लिहायचे. तीन आठवड्यांनी दिसलं, की दर वेळी ते परड्याच्या दाराकडं निघालेले असायचे. तिथं चाळीस वर्षं म्हशी होत्या. धारेची वेळ झाली की उठणारच माणूस. मग पावणेचारला मीच उठायला लागले. दिवा लावायचा, लघवीला न्यायचं, हातात चहा द्यायचा, शेजारी रिकामी चरवी ठेवायची. “आज धार झाली, आबा.” खोटं बोलले म्हणा हवं तर. चारचं पडणं थांबलं.

बाकी वेळचं राहिलंच, आणि त्यातलं बरंचसं नजरेचं निघालं. मोतीबिंदू नव्हे, डोळ्यांना दिसतं, पण मेंदूला त्याचा अर्थ लागत नाही. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं. चकचकीत फरशीवर उजेड पडला की पाणी समजून धोतर वर धरून उडी टाकायला बघायचे. पायपुसणं काढलं. उंबरा फोडायला सासूबाई तयार होईनात, म्हणून त्याच्या कडेला पिवळा पट्टा मारला. पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड दिसत नाही, त्याला लाल सीट बसवली. कॉटपासून न्हाणीपर्यंत रात्रभर छोटे दिवे, आणि भिंतीत पक्के दांडे. टॉवेलच्या दांड्याला धरून उठू देऊ नका, तो माणसासकट खाली येतो. पावसाळ्यात आपल्याकडं सोप्यात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात, त्यांतून गळणाऱ्या थेंबांवर लक्ष असू द्या. कातडी तळाची गुळगुळीत चप्पल घरात बंद. मागून पट्टा असलेली, रबरी तळाची हवी. आई नऊवारी नेसत असतील तर ओचा पायात येतोय का बघा.

तुमच्या बाबतीत मात्र सगळ्यात आधी डॉक्टर. एका महिन्यात दोनदा, आणि पूर्वी असं नव्हतं म्हणता, तेव्हा लघवी तपासून घ्या. म्हातारपणी लघवीचा संसर्ग ताप न येताही होतो आणि एका-दोन दिवसांत गोंधळ वाढवतो. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. झोपेची गोळी, रात्री घेतलेली लघवी साफ होण्याची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, यांतली कुठलीही पाडू शकते. मनानं बंद मात्र करू नका. बीपी ५ मिनिटं निजवून घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना सांगा. तोवर उठताना कॉटच्या कडेला मिनिटभर बसवा.

चालवताना गप्पा मारू नका. चालणं आणि बोलणं एकदम झेपत नाही. समोर उभं राहून दोन्ही तळवे पुढं करा आणि एकच शब्द, “चला.” आबा तालमीतले, “व्यायाम करा” म्हटलं तर ढिम्म, पण “आबा, दहा बैठका” म्हटलं की दांडा धरून खुर्चीवरून दहा वेळा उठबस करायचे. आईंना फुगडी, पिंगा, जे आठवत असेल त्यातलं धरून उभ्यानं करायला लावा.

पडल्याच तर बखोट धरून उचलू नका. पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, टेकवत नाही, तर तिथंच ठेवून १०८ ला फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर हसत-बोलत असल्या तरी त्याच दिवशी दाखवा. आणि डोकं आपटल्यावर पुढच्या काही आठवड्यांतही जास्त झोपाळू झाल्या, एक बाजू ओढायला लागल्या, तर पुन्हा न्या.

आजपासून आठ दिवस चौकोनात लिहा. त्या रात्री न्हाणीकडं निघतात की देवघराकडं की रस्त्याच्या दाराकडं, ते कळलं की सांगा, मग पुढचं बघू.