पुरातही वाजेल असा सोसायटीचा फोन

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. तेव्हापासून बिनतारी 'मेश' जाळ्यावर आपल्याच सोसायटीचा फोन चालवता येईल का, अशी विचारणा वाचकांकडून होत आहे. यंत्रं एकमेकांना वाय-फायने जोडली जातात, प्रत्येक यंत्र शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतं, आणि टॉवर किंवा इंटरनेट नसतानाही आपापसांत बोलता येतं. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

*आमच्या सोसायटीत चार इमारती आहेत. २४ घरांत फोन हवेत, त्यातली बरीच घरं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची. 'मेश पोटॅटो' नावाचं यंत्र यासाठीच असतं असं वाचलं. ते घ्यावं का? एकूण काय काय लागेल? – एक वाचक, कारेलीबाग*

मेश पोटॅटो हे 'व्हिलेज टेल्को' प्रकल्पातलं यंत्र. प्रकल्प २००८च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह साँग यांनी सुरू केला आणि यंत्राची मांडणी ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी केली. वाय-फाय राउटर आणि साधा टेलिफोन लावायचं भोक एकाच डबीत, ही त्यातली मुख्य कल्पना. आज त्याच यंत्राच्या मागे लागू नका. तेच काम बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून होतं आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

पहिला निर्णय हा, की जिथे तार टाकता येते तिथे तारच टाकायची. बिनतारी दुवा फक्त दोन इमारतींच्या मधे. तुमच्याकडे याचा अर्थ असा: चार गच्च्यांवर मिळून चार बाहेरची वाय-फाय यंत्रं, आणि प्रत्येक इमारतीत वरच्या मजल्याच्या जिन्यात आठ फोन जोडता येणारा एक एफएक्सएस गेटवे, म्हणजे साधे फोन नेटवर्कला जोडणारी पेटी. गेटवेपासून घरापर्यंत टेलिफोनची साधी दोन तारांची जोडी न्यायची; जुन्या लँडलाइनच्या तारा भिंतीत शाबूत असतील तर त्याच वापरा. प्रत्येक घरात एका फोनाची वेगळी पेटी ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण घरातल्या साध्या फोनला वीज तारेतूनच मिळते. पुरात घराची वीज गेली तरी आजींचा फोन वाजतो. सांभाळायच्या बॅटऱ्याही २४ नाहीत, चारच. फोन मात्र साधाच हवा. कॉर्डलेसच्या बैठकीला वेगळी वीज लागते.

एक्स्चेंजसाठी रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि त्यावर अॅस्टरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर. २४ फोनांना ते भरपूर झालं. अॅस्टरिस्कला फोन जोडायची नवी मांडणी 'पीजेसिप' पद्धतीनेच करा. जुनी 'चॅन-सिप' पद्धत अॅस्टरिस्कच्या २१व्या आवृत्तीपासून काढून टाकली आहे. वाय-फाय यंत्र घेताना ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव शोधा, आणि नावाबरोबर खालच्या लेबलवरचा आवृत्तीचा आकडाही जुळवून पाहा. नाव तेच आणि आतली चिप वेगळी, असं सर्रास होतं. किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हवी. १६ आणि १२८ असेल तर पुढची काही वर्षं चिंता नाही.

*एका बाजूचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूचा येत नाही. घंटी दोन्हीकडे वाजते. – एक वाचक, फतेहगंज*

मेशचं यंत्र आणि फोन यांच्या मधे कुठेतरी घरचा राउटर बसलेला आहे आणि तो पत्ते बदलतो आहे. घंटीचा निरोप पोचतो, पण आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, त्याच्या दारात अडतात. तार राउटरच्या 'वॅन' भोकातून काढून 'लॅन' भोकात घाला आणि त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटणं, बंद करा. मेशमधले मार्ग ठरवणारं बॅटमन-अॅडव्हान्स्ड हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळं जाळं मिळून एक मोठा स्विच असतो; त्यात पत्ता बदलणारं कुणीही असता कामा नये. गेटवे आणि एक्स्चेंज यांना पत्ते कायमचे लिहूनच द्या, नाहीतर डीएचसीपीचं यंत्र बंद पडलं की सगळे फोन एकदम मुके होतात.

*आमच्या गल्लीत वाड्यांच्या ओळीत नऊ यंत्रं लावली आहेत. वेग मोजला तर टोकाच्या घरातही २० एमबीपीएस दिसतो. तरी दोन-तीन कॉल एकदम चालू झाले की आवाज तुटतो. फोनला इतका वेग लागतच नाही ना? – एक वाचक, दांडिया बाजार*

लागत नाही हे खरं. जी.७११ या नेहमीच्या कोडेकला (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करायच्या पद्धतीला) एका दिशेला साधारण ८० केबीपीएस पुरतात. पण तुमच्याकडे कमी पडतो आहे तो हवेतला वेळ, आणि वेगाच्या चाचणीत तो दिसत नाही.

एका चॅनेलवरची सगळी यंत्रं एका खोलीत बसलेल्या माणसांसारखी असतात: एका वेळी एकालाच बोलता येतं. जी.७११मध्ये सेकंदाला एका बाजूने ५० पॅकेट निघतात, दोन्ही मिळून १००. प्रत्येकात आवाज १६० बाइट, बाकी पत्त्यांचा मजकूर. ६ एमबीपीएसच्या दुव्यावर असं एक पॅकेट, त्याआधीचं थांबणं आणि नंतरची पोच धरून अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास हवा व्यापतं. म्हणजे एक कॉल एका टप्प्यावर, एका यंत्रातून पुढच्या यंत्रात जाताना, हवेचा सुमारे ५ टक्के वेळ घेतो. तीन टप्पे असतील तर १५ टक्के, कारण तेच पॅकेट तीनदा बोललं जातं. आता हाच दुवा १ एमबीपीएसवर घसरला तर एका पॅकेटला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात आणि एक कॉल एका टप्प्यावर २५ टक्क्यांहून जास्त हवा खातो. नऊ यंत्रांत असा एकच कमजोर दुवा असला तरी सगळ्या गल्लीचा आवाज तुटतो.

म्हणून आधी जुने १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे वेग बंद करा. मेशचा 'मल्टिकास्ट रेट', म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवायच्या निरोपांचा वेग, १२ एमबीपीएसवर आणा. बॅटमन आपले मार्ग सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या छोट्या हाकांवरून ठरवतो. या हाका १ एमबीपीएसने गेल्या की लांबच्या, मरतुकड्या दुव्यावरूनही त्या पोचतात, आणि बॅटमनला तो दुवा चांगला वाटतो. १२वर आणल्यावर असे दुवे यादीतून आपोआप गळतात. 'बॅटसीटीएल' या बॅटमनच्या आज्ञेने शेजाऱ्यांची यादी काढा: टीक्यू (दुव्याच्या दर्जाचे गुण) २५५पैकी २००च्या वर आणि सिग्नल उणे ७० डीबीएमपेक्षा चांगला, असेच दुवे ठेवा. बाकीच्या ठिकाणी यंत्राची जागा बदला किंवा मधे तार टाका. मेश ८०२.११एस या वाय-फायच्या स्वतःच्या मेश पद्धतीने जोडली असेल तर तिचं स्वतःचं 'मेश फॉरवर्डिंग' शून्य करा, नाहीतर मार्ग शोधणारे दोघे होतात.

दुसरी जागा एक्स्चेंजची. ते गल्लीच्या एका टोकाला असेल आणि आवाज त्यातून जात असेल, तर शेजारच्या दोन घरांतला कॉलही सगळी गल्ली दोनदा फिरतो. अॅस्टरिस्कमध्ये 'डायरेक्ट मीडिया' चालू करा. मग एक्स्चेंज फक्त घंटी जुळवतं, आवाज दोन घरांत थेट जातो. यासाठी दोन्हीकडे एकच कोडेक हवा आणि कॉलचं रेकॉर्डिंग बंद हवं. एक्स्चेंजचं यंत्र मात्र गल्लीच्या मध्यावरच्या वाड्यात हलवाच.

जी.७२९ हा आवाज जास्त दाबणारा कोडेक घेऊन प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. आवाज १६० बाइटांवरून २०वर येतो खरा, पण पॅकेटांची संख्या तितकीच राहते, आणि हवेचा बराचसा वेळ पॅकेटागणिक थांबण्यात जातो. त्यापेक्षा प्रत्येक पॅकेटमधला आवाज २० ऐवजी ४० मिलिसेकंदांचा करा. पॅकेट निम्मी होतात. उशीर २० मिलिसेकंदांनी वाढतो, पण एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत आहे तोवर बोलण्यात तो जाणवत नाही. आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण ठेवा, म्हणजे वाय-फाय त्यांना आधी सोडतं. आणि मेशच्या रेडिओवरून मोबाईलना वाय-फाय देणं बंद करा. गल्लीतल्या एका मुलाने व्हिडिओ लावला की वरची सगळी मेहनत वाया जाते.

फोन लागतो पण गेटवेचं सेटिंगचं पान अर्धवट उघडून अडकतं, असंही तुम्ही लिहिलं आहे. तो वेगळा दोष आहे. बॅटमन प्रत्येक पॅकेटला आपला काही मजकूर जोडतो, त्यामुळे मोठी पॅकेट मावत नाहीत, आवाजाची छोटी मावतात. मेशच्या वाय-फाय बाजूचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १५३२ करा.

*वीज तीन दिवस येणार नाही असं धरून बॅटरी किती घ्यावी? सोलर पॅनल लावला तर छोटी चालेल का? – एक वाचक, समा*

पॅनलवर विसंबू नका. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. गडद ढगांत पॅनल आपल्या क्षमतेचा छोटासा हिस्साच देतो. उरलेल्या वर्षात बॅटरी भरलेली ठेवायला तो उपयोगी आहे, पण हिशोब बॅटरीचाच करा.

इमारतीमागे गच्चीवरचं यंत्र ४ वॉट आणि आठ फोनांचा गेटवे ८ वॉट, असे १२ वॉट धरू; एक्स्चेंजच्या इमारतीत रास्पबेरी पायचे वॉट यात वेगळे मिळवा. खरा आकडा वॉटमीटरने मोजून घ्या. अॅडाप्टरवर छापलेला आकडा हा कमाल असतो. ७२ तासांना ८६४ वॉट-तास, कन्व्हर्टरमधली गळती धरून ९६०. ट्युब्युलर बॅटरी रोजच्या वापरात निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, पण वर्षातून एखाद्या वेळी ८० टक्के काढली तर चालतं. त्या हिशोबाने १२ व्होल्ट १०० एएच बरोबर बसते. एवढा खर्च झेपत नसेल तर फोनचं वेळापत्रक ठरवा: सकाळी ७ ते १०, संध्याकाळी ५ ते ८. मग ४२ एएचची बॅटरीही पुरते. ज्या इमारतीत आजारी किंवा एकटं माणूस आहे तिथे आणि एक्स्चेंजच्या इमारतीत मात्र मोठीच ठेवा. रात्रीची मदत वेळापत्रक पाहून लागत नाही. पण मेशमध्ये मधली गच्ची बंद तर पलीकडची तुटली, म्हणून या दोन्हींच्या वाटेवर येणाऱ्या गच्चीलाही मोठी बॅटरी लागते.

घरातला इन्व्हर्टर मधे घालू नका. तो काही काम न करताही १०-२० वॉट खातो, म्हणजे तुमच्या सगळ्या यंत्रांइतके. बॅटरीतून थेट १२ व्होल्ट घ्या, पण भरताना शिशाची बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि रिकामी होताना ११च्या खाली येते, तेव्हा कायम १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ३ अॅम्पिअरचा फ्यूज हवाच. गच्चीपर्यंत वीज नेटवर्कच्या तारेतून नेणार असाल तर तार शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त मिळते ती बहुधा सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. २० मीटरला अर्ध्या अॅम्पिअरवर तांब्यात सुमारे १ व्होल्ट पडतो, सीसीएत दीडच्या वर. यंत्र दिवसभर चालतं आणि कॉल वाढले की स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतं, अशी तक्रार असेल तर ही तार आधी तपासा.

बॅटरी, गेटवे आणि एक्स्चेंज तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत ठेवायची सवय असते. पाणी सगळ्यात आधी तिथेच येतं. दुसऱ्या मजल्याच्या वर ठेवा. घंटी वाजताना तारेत ७० ते ८० व्होल्ट असतात, ओल्या हाताने जोडणी उघडू नये. आणि 'पाय'च्या मेमरी कार्डवर सतत नोंदी लिहिल्या जाऊ देऊ नका. वीज जाताना लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब होतं आणि एक्स्चेंज उठतच नाही. नोंदी रॅममध्ये ठेवा, तयार केलेल्या कार्डची एक प्रत पाकिटात घालून जवळ ठेवा.

*आजोबांचा चकतीचा काळा फोन या जाळ्यावर चालेल? – एक वाचक, रावपुरा*

गेटवेला पल्स डायलिंग, म्हणजे चकतीच्या ठोक्यांनी फिरवलेला नंबर, कळत असेल तर चालेल. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात हे शब्द शोधा. कळत नसेल तरी आलेले कॉल घेता येतात.

*गेटवेत सिमकार्ड घालून या फोनवरून बाहेरचे नंबरही लावता येतील ना? महिना थोडे पैसे घेऊन शेजारच्या सोसायट्यांनाही देऊ. – एक वाचक, मांजलपूर*

नाही, दोन्ही करू नका. खासगी जाळं सार्वजनिक फोनला जोडणं आणि पैसे घेऊन इतरांना फोन देणं ही परवान्याची कामं आहेत. सिमकार्डांमधून असे कॉल फिरवणं हा गुन्हा आहे. आपल्या आवारातला आपसातला इंटरकॉम, एवढ्यावरच थांबा. रस्त्यापलीकडची सोसायटी जोडायची असेल तर दूरसंचार विभागाच्या कार्यालयाला पत्र लिहून उत्तर हातात आल्यावरच जोडा.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५च्या अधिसूचनेने परवान्याविना खुला आहे, पण अँटेनातून निघणारी शक्ती ४ वॉटच्या आत हवी. डीबीएममध्ये ३६. यंत्राचे २७ आणि अँटेनाचे ९ झाले की मर्यादा गाठली. ३०० मीटरच्या मोकळ्या दुव्याला २० आणि ९ सुद्धा भरपूर होतात.

आणि प्रत्येक फोनवर मोठ्या अक्षरांत चिकटवा: 'यावरून ११२ लागत नाही.' घाबरलेला माणूस हातात येईल तो फोन उचलतो. कुठला अंतर्गत नंबर फिरवायचा, तोही त्याच कागदावर लिहा.

*गच्चीवर यंत्र कुठे आणि किती उंच लावावं? – एक वाचक, अकोटा*

समोरची गच्ची नुसती दिसली म्हणजे झालं असं नाही. ३०० मीटरच्या दुव्यात मध्यावर, सरळ रेषेच्या खाली आणि बाजूंनाही किमान पावणेदोन-दोन मीटर मोकळं लागतं. पाण्याची टाकी, पत्र्याची शेड आणि पावसात भिजलेला कडुनिंब हे नेहमीचे अडथळे. दुवा उन्हाळ्यात जुळवला आणि पावसाळ्यात पडला तर झाडाकडे पाहा. तार यंत्रात शिरते तिथे आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोळातून टपकेल. खांब इमारतीच्या अर्थिंगला जोडा.

उत्तरायणाला आपल्याकडच्या सगळ्या गच्च्या भरलेल्या असतात. मांजा खांबात अडकतो, मुलं तो ओढतात, अँटेनाची दिशा फिरते आणि बारीक तार कापली जाते. खांब कठड्यापासून आत, जिन्याच्या डोक्यावरच्या भिंतीला लावा, तार पाइपातून न्या, आणि १६ जानेवारीला सगळ्या दुव्यांचा सिग्नल आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. ३ डीबीपेक्षा जास्त घसरला असेल तर शिडी घेऊन वर जा.