फ्लँकिंगचा नियम लावण्याआधी
नवीनच डीएम (खेळ चालवणारा) झालायस, तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला फ्लँकिंगचा ऐच्छिक नियम लगेच लावू नकोस. शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना दोघं उभे राहिले की वाराला अॅडव्हान्टेज. म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे, मोठा आकडा धरायचा. ११ किंवा जास्त हवं असेल, तर वार लागण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून थेट ७५! मग बार्बेरियन या रांगड्या लढवय्या पात्राने हाच अॅडव्हान्टेज मिळवायला स्वतःला उघडं पाडून बेधडक वार करायचा कशाला? त्याची खासियतच मातीमोल होते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आम्ही तिसऱ्या आवृत्तीसारखे फाशाच्या आकड्यात नुसते +२ देतो. तोंड कुठे वळलंय हे बघणारा फेसिंगचा नियम सध्या सोडच. वाद निघालाच तर तिथल्या तिथे निर्णय दे, पुस्तक लढाई संपल्यावर उघड.