पाचट, विरजण आणि शेजाऱ्याचं पाणी

वाचकांचे प्रश्न

ऊसतोडणीचे दिवस आहेत, त्यामुळे या वेळी पाचटाबद्दलची, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांबद्दलची, पत्रं सर्वांत जास्त आली. जागाही त्यांनाच जास्त दिली आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी पहिल्यांदाच पाचट न जाळता खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक) ठेवला. खोडवा पिवळा पडला, फुटवे कमी आले, वर उंदीर झाले. शेजारी म्हणतात, काडी लाव आणि मोकळा हो. नेमकं कुठं चुकलं? (एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली)

तुम्ही पाचट ठेवलंत, पण बहुधा त्याला जेवण दिलं नाहीत. पाचटात कर्ब भरपूर असतो आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतंच. पाचटातून मिळालं नाही, तर ते जमिनीतून उचलतात आणि तेवढे दिवस ऊस उपाशी राहतो. पिवळेपणाचं कारण हे. रोग समजून फवारण्या केल्या असतील, तर तो खर्च वाया गेला.

एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, हा हिशेब. म्हणजे ४ टनांना ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. युरिया आणि सुपर आधी पाचटावर फेका. जिवाणू वेगळे, चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून टाका. तिन्ही एकाच घमेल्यात कालवले, तर युरियाच्या संगतीत जिवाणूच मरतात. त्यानंतर लगेच पाणी द्या आणि सरीतून चालत पाचट पायानं दाबा. अधांतरी राहिलेलं पाचट सहा महिन्यांनीही तसंच कडकडीत सापडतं. कुजायचं तर त्याला माती लागलेली हवी.

फुटवे कमी आले ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे पाचट बुडख्यांवर राहिलं असणार. तोडणी झाल्यावर दोन-तीन दिवसांत ढीग मोडून पाचट सरीत ओढा, बुडखे उघडे करा. कोंब उन्हात आला पाहिजे. पाचटाखालून पांढरा, लांबुडका वर येतो तो टिकत नाही. सरी चार-पाच फुटांची असेल तर प्रत्येक सरीत पाचट मावतं. तीन फुटी असेल तर एक आड एक सरीत भरा आणि मोकळ्या सरीनं पाणी द्या. दुसरं, बुडखे उंच राहिले असतील. जमिनीच्या वरच्या कांड्यांवरचे डोळे आधी फुटतात, पण त्यांची मुळं वरच्यावर राहतात आणि ते फुटवे पुढं मरतात किंवा लोळतात. धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा आणि त्यावर लिटरभर पाण्याला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बुडखा उंच राहिला की शिव्या तोडणाऱ्याला बसतात. टोळीला मजुरी टनावर मिळते. वाकून मातीत कोयता घातला की दगडानं धार जाते, दिवसाचे टन कमी होतात. जमिनीलगत तोडायचं आणि पाचटाचे मोठे ढीग करायचे नाहीत, एवढ्यासाठी काही जादा रक्कम मुकादमाशी तोडणीआधीच ठरवा. नंतर छाटणीला लावायच्या मजुरांपेक्षा ती स्वस्त पडते. शिवाय सर्वांत गोड कांडं बुडाचंच, वजन तुमचंच वाढतं. वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून, मात्र वाद घालू नका. वाढे बांधून विकायचे, हा टोळीच्या घरखर्चाचा भाग असतो.

पुढची खतं पहारीनं द्या. बगला फोडायच्या नाहीत (वरंब्याच्या बाजू औतानं फोडणं), मातीची भर घालायची नाही, कारण पाचट असताना औत चालत नाही आणि त्याची गरजही उरत नाही. वाफसा असताना बुडख्यापासून अर्ध्या फुटावर, अर्धा फूट खोल छिद्र, दोन छिद्रांत एक फूट अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. छिद्र मातीनं बुजवायला विसरू नका. दोन फुटांपेक्षा मोठ्या नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, पिशवीतल्या रोपांनी भरा.

पहिलं पाणी सरीच्या टोकाला पोचायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेईल. तिथं घाबरून पाचट बाहेर काढणारे आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला ते बसतं आणि पुढं पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं.

उंदरांसाठी आधी बांध साफ करा. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं लिंपा. सकाळी उघडी दिसतील तीच जिवंत बिळं, उपाय तिथंच करायचा. इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे आठ-दहा फुटी पक्षिथांबे एकरात चार-पाच रोवा, गव्हाणी घुबड रात्री त्यावर येऊन बसतं.

आणि काडीबद्दल. राखेत पालाश (पोटॅश) उरतो, हे शेजाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. पण ४ टनांतलं २० किलोच्या आसपास नत्र आणि एक टनाहून जास्त कर्ब धुरातून जातो. पाचट ठेवणाऱ्याला शेजारच्या काडीचीही भीती असते. त्या बाजूच्या बांधालगत सहा फूट पट्टा पाचटाशिवाय ठेवा आणि शेजारी पेटवणार त्या दिवशी तो भिजवा.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या बायका दर महिन्याला जीवामृत करून कपाशीला देतात. दोन वर्षं झाली, जमीन होती तशीच कडक आहे. कधी कधी घाण वासही येतो. (एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ)

जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. नेहमीच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते. यातलं सगळं नत्र मोजलं तर ते २०० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे अर्धा किलो युरियासुद्धा नाही. त्यानं कपाशीचं पोट भरत नाही. त्यातले जिवाणू जमिनीत जाऊन काम करतात, पण खायला काडीकचरा असेल तर. उघड्या, तापलेल्या काळ्या जमिनीवर ओतलेलं विरजण कोरड्या भांड्यात लावल्यासारखं आहे. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जाळण्याऐवजी यंत्रानं बारीक करून जमिनीत मिसळा, ओळींत गवताचं किंवा सोयाबीनच्या गुळीचं (भुशाचं) आच्छादन टाका, आणि मग त्यावर ओल असताना संध्याकाळी जीवामृत द्या.

वास येतो तो पिंपाचं झाकण घट्ट बसवल्यामुळे. गोणपाटानं झाका, सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार होतं. आंबूस वास चालेल, सडका नको. सात दिवसांच्या आत संपवा. नळाचं पाणी वापरत असाल तर रात्रभर उघडं ठेवून मग घ्या, त्यात क्लोरीन असतं. ठिबकमधून सोडायचं असेल तर दुहेरी फडक्यानं गाळा आणि नंतर अर्धा तास साधं पाणी चालवा, नाहीतर बेसनाच्या लगद्यानं तोट्या बंद.

प्रश्न : मला ३० बाय ३० मीटरचं शेततळं मंजूर झालं आहे. गावात सगळे विहिरीतून उपसून तळं भरतात आणि प्लास्टिक अंथरतात. शेजारी आतापासूनच नाराज आहे. पाणी माझ्या विहिरीतलं, मग त्याचा काय संबंध? (एक वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक)

हिशेब करून पाहा. ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार धरला, तर तुमच्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावतं. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फार कमी धरतो; आकारमानाच्या दोन टक्के धरा. म्हणजे एका हेक्टरखालची पातळी १ मीटर उतरते तेव्हा मिळतात फक्त २०० घनमीटर. तुमचं तळं एकदा भरायला ११ हेक्टरखालचं पाणी एक मीटरनं उतरवावं लागतं. तुमची जमीन ११ हेक्टर आहे का? नसेल तर बाकीचं पाणी कुणाच्या शेताखालचं, ते शेजाऱ्यानं बरोबर ओळखलं आहे.

शिवाय जमिनीखाली होतं तोवर त्याला ऊन लागत नव्हतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर भरलेल्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७,२०० लिटर पाणी उडतं. त्याच दिवसांत गावात पिण्याचा टँकर येत असेल, तर हे दृश्य फार शोभेचं नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना सुरू झाली ती पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी.

मग तळं करावं की नाही? करा, पण अपधावेवर, म्हणजे पावसाच्या वाहून येणाऱ्या पाण्यावर. ६०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला पाचवा हिस्सा वाहून येतो असं धरलं, तर तळं भरायला साधारण साडेचार एकर पाणलोट लागतो. तेवढा उतार वर नसेल तर तळं लहान घ्या, रिकामा खड्डा कशाला पोसायचा? नाल्याच्या पात्रात खोदू नका. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी दोन मीटर लांबी-रुंदीची, मीटरभर खोल गाळटाकी करा आणि दर मोठ्या पावसानंतर उपसा. हे टाळलं की दोन-तीन वर्षांत तळ्याचा तळ वर येतो. सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेला, दगडी पिचिंग (अस्तर) हवंच. विहिरीतून उचलायचंच असेल तर नाला वाहता आहे आणि विहीर काठोकाठ आहे तेवढ्याच दिवसांत. नाला थांबला की मोटार बंद.

हे एकट्यानं पाळून भागत नाही, म्हणून गावानं ठरवावं लागतं. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या आकारावर नाही, माणशी मोजलं : माणशी अर्धा एकर, पाच जणांच्या कुटुंबाला अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस घ्यायचा नाही. हिवरे बाजारला ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर बंद आहे. तुमच्या गावाला लगेच एवढं जमणार नाही, पण दहा विहिरींची पातळी ऑक्टोबरच्या अखेरीला दोरीनं मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. बोअर आणखी खोल न्यायचा विचार असेल, तर शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जाण्याला २००९च्या भूजल कायद्यानं मनाई आहे, हेही पाहून ठेवा.

प्रश्न : घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरता येईल का? दुकानदार म्हणतो, ते बेकायदा आहे. (ता. औसा, जि. लातूर)

चूक. २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं बियाणं राखायचा, पेरायचा, देवघेवीचा आणि विकायचाही हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही. सोयाबीन स्वपरागीत आहे (फुलाचं परागण त्याच फुलात होतं), त्यामुळे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी तीन वर्षं चालतं.

त्याचं टरफल मात्र पातळ आणि कोंब अगदी टरफलालगत असतो. पोतं उंचावरून आपटलं की उगवण गेली. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा. ताग-सुतळीच्या पोत्यात, लाकडी फळ्यांवर, पाच-सहा थरांपेक्षा उंच थप्पी न लावता साठवा.

मे महिन्यात चाचणी घ्या. वर्तमानपत्राच्या चार घड्या ओल्या करून दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि चार-पाच दिवसांनी धड कोंब मोजा. निवडून टपोरे दाणे घेऊ नका, पोत्यात हात घालून येतील ते घ्या. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६० उगवले तर ३५. त्याखाली असेल तर तेल गिरणीला द्या. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, दीड इंचापेक्षा खोल नाही. बियाण्याला बुरशीनाशक आधी, रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू) नंतर.

प्रश्न : कपाशी संपल्यावर धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवाव्यात का? (ता. शेवगाव, जि. अहिल्यानगर)

जरूर. न फुटलेली हिरवी बोंडं मेंढ्या खातात आणि गुलाबी बोंडअळीचा तिथला साठा कमी होतो. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं ठेवून घ्यायच्या जादा कापसाच्या, लोभानं डिसेंबरनंतर कपाशी ठेवली की हा फायदा हातचा जातो. शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली, ते मेंढपाळाला आधी सांगा. अलीकडची असेल तर कळप आत सोडू देऊ नका, जनावरं त्याची आहेत. रात्रीचा वाडा रोज थोडा सरकवायला सांगा, नाहीतर एकाच कोपऱ्यात खत साचतं. एका मेंढीची रात्रीची लेंडी अर्धा किलोच्या आसपास, मूत वेगळं. मोबदला रोकड की धान्य, ते कळप उतरण्याआधी ठरवा. मेंढ्या उठल्या की दोन दिवसांत हलकी वखरणी करा, नाहीतर अमोनिया उडून जातो. वेड्या बाभळीचं बी लेंड्यांतून येतं. पहिल्या पावसानंतर रोपं वीतभर असतानाच उपटा, पुढं त्याला कुदळ लागते.